बेसमेंटमधला हीटर

आमच्या कॅनडातल्या विंडसरच्या घरावर सोलर पॅनेल बसली ती हे रिटायर झाले त्याच वर्षी, दोन हजार सोळाच्या उन्हाळ्यात. हे म्हणजे माझे यजमान. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं इंजिनिअर म्हणून काढली, त्यातली निम्मी शिफ्टमध्ये. मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होते. ते घरी यायचे तेव्हा मी कामावर निघालेली असे. मी दोन वर्षं आधी रिटायर झाले आणि तेव्हापासून एकाच गोष्टीची वाट पाहत होते. दिवसाउजेडी, गप्पा मारत, नवऱ्याबरोबर गरम गरम जेवायचं. एवढीशीच हौस.

पण हे रिटायर झाले आणि थेट बेसमेंटमध्ये गेले.

बेसमेंटमध्ये सोलरचा इन्व्हर्टर होता. छपरावर तयार झालेली वीज त्यातून घरात यायची, उरलेली बाहेरच्या तारांत जायची आणि बिलातून तेवढी वजा व्हायची. ह्यांनी इन्व्हर्टरसमोर एक जुनं टेबल मांडलं, त्यावर लॅपटॉप ठेवला आणि पडद्यावरचा आलेख बघत बसले. ढग आला की आलेख खाली, ढग गेला की वर. नऊला चहा घेऊन खाली गेलेला माणूस चारला वर यायचा. जेवायला हाक मारली तर खालून उत्तर यायचं, "आत्ता विजेचा पीक टाइम चाललाय, तू जेवून घे." मराठी मंडळी चहाला आली तरी आधी इन्व्हर्टरचं दर्शन. नुसत्या सॉक्सवर तो थंडगार जिना उतरताना बायका माझ्याकडे अशा बघायच्या की मलाच ओशाळल्यासारखं व्हायचं.

उन्हाळ्यात बिल जवळजवळ शून्यावर आलं. ह्यांनी ते फ्रिजवर लावलं. आमच्या मुलाचं रिपोर्ट कार्डसुद्धा त्या फ्रिजवर कधी इतके दिवस टिकलं नव्हतं. मग हिवाळा आला, दिवस लहान झाले, पॅनेलवर बर्फ साचला, आणि जानेवारीचं बिल आलं ते पॅनेल नव्हती त्या जानेवारीइतकंच. ह्यांचा चेहरा पडला. घरात माणसं दोन, त्यामुळे संशय कोणावर जाणार हे उघड होतं.

"अगं, तू ओव्हन किती वेळ प्रीहीट करतेस?"

"नानकटाईला लागतो तेवढा."

"आणि दोन कप चहाला फुल केटल? कपड्यांचा ड्रायर तर तू रोज रन करतेस!"

दुसऱ्या दिवशी ड्रायरवर पिवळी चिठ्ठी: फक्त अकरा ते दोन. ओव्हनवर दुसरी. वॉशरूममध्ये केस वाळवायच्या यंत्रावर तिसरी चिठ्ठी दिसली तेव्हा मात्र माझं डोकं सटकलं. मी मूळची कोल्हापूरची. ऐकून घेणं आमच्या रक्तात नाही. पण म्हटलं, होऊन जाऊ दे. महिनाभर मी ओले टॉवेल लाँड्री रूममध्ये दोरी बांधून वाळवले, ओव्हनला हात लावला नाही, संध्याकाळी एका दिव्यात भाजी चिरली. पुढचं बिल जसंच्या तसं.

मुलगा तिकडे देशाच्या दुसऱ्या टोकाला, बर्नाबीला असतो. त्याला फोनवर हे सगळं रडगाणं ऐकवलं, तर तो हसत सुटला. "आई, स्टॉप फायटिंग अँड जस्ट मेजर इट. लायब्ररीत वॉट मीटर मिळतात. फॉर फ्री!"

खरंच मिळत होते. आमची लायब्ररी पुस्तकांबरोबर ही यंत्रंही घरी न्यायला द्यायची. सॉकेटमध्ये मीटर लावायचं, त्यात वस्तूचा प्लग खोचायचा, की ती वस्तू किती वीज खाते ते आकड्यात दिसतं. जन्मभर लोकांचं रक्त तपासलेली बाई मी. नमुना कसा घ्यायचा हे मला कोणी शिकवायला नको. केटल तपासली, टीव्ही तपासला, फ्रिजला आठवडाभर मीटरवर ठेवलं. सगळे निर्दोष सुटले.

मग एक दिवस हे डेंटिस्टकडे गेले असताना मी बेसमेंटमध्ये उतरले. लॅपटॉपच्या टेबलाखाली, बरोबर पाय येतात तिथे, एक हीटर होता. मी टेबलामागच्या सॉकेटमध्ये मीटर लावलं आणि हीटरचा प्लग त्यात खोचला, सहज दिसणार नाही असा.

आठवड्याने आकडा बघितला. हीटरने फ्रिजच्या सातपट वीज खाल्ली होती! छपरावर जमवलेली वीज हे खाली बसून पाय शेकायला जाळत होते, आणि चिठ्ठ्या माझ्या ओव्हनवर! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. मला इतका आनंद झाला की माझी मलाच लाज वाटली. तरी हीटरचा प्लग परत सॉकेटमध्ये लावून मी ते मीटर ह्यांच्यासमोर टेबलावर आपटलंच.

ह्यांनी चष्मा चढवून आकडा वाचला. मीटर उलटंसुलटं करून पुन्हा वाचला.

"हे कॅलिब्रेट केलेलं आहे का?"

"अहो, पुरे!"

मग ह्यांचे कान लाल झाले आणि ते खो खो हसायला लागले. मलाही हसू आलं. तिथेच थांबायला हवं होतं, पण थांबणं मला जमत नाही. इतक्या महिन्यांचं मनात साठलेलं बाहेर पडलं. "वर फर्नेसची ऊब आहे, खिडकीत ऊन येतं, बायको आहे. ते सोडून इथे कुडकुडत का बसता? मी काय खाते का तुम्हाला?"

ह्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. आवाजात तक्रार अजिबात नव्हती. "तूच म्हणालीस ना. रिटायर झालो त्याच्या पहिल्याच सोमवारी. मी किचनमधले डबे नीट लावत होतो. तू म्हणालीस, दिवसभर पायात पायात येऊ नका, काहीतरी प्रोजेक्ट शोधा आणि खाली जाऊन करा. मग मी प्रोजेक्ट शोधला."

मला तो सोमवार आठवेना. डबे मात्र आठवले. सगळे उंचीप्रमाणे लावलेले आणि तूरडाळ कुठे सापडत नव्हती. म्हणजे मी बोलले असणारच, माझ्या तोंडाची मला खात्री आहे. मी बोलले आणि विसरून गेले. ह्यांनी त्यापायी घरावर पॅनेल चढवली आणि स्वतः बेसमेंटमध्ये जाऊन बसले. आणि मी वर बसून कुढत होते की ह्या माणसाला माझ्याजवळ बसावंसंच वाटत नाही.

"अहो, ते मी त्या एका सोमवारपुरतं म्हटलं होतं," मी म्हणाले.

"मग मंगळवारी सांगायचं ना," हे म्हणाले, आणि वाकून त्यांनी हीटरचा प्लग काढला.