माळ, मटण आणि मायचं रक्त

मायचे दोन्ही गुडघे झिजले होते. ओट्यावरून अंगणात उतरायचं तर भिंत धरावी लागे. जालन्याच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं, पण अट घातली: हिमोग्लोबिन दहाच्या वर पाहिजे. तिचं आठ पूर्णांक दोन होतं. लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. पुढच्या तपासणीत आठ पूर्णांक तीन आलं, त्याच्या पुढच्या तपासणीत पुन्हा आठ पूर्णांक दोन. आम्ही होतो तिथंच होतो.

मायच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. वडील गेल्यावर तिनं ती घातली आणि मटण, मासे, अंडी सगळं सुटलं. आम्ही बाकीचे खातो. म्हणून आमच्याकडे रविवारचं मटण घराबाहेर शिजतं. अंगणात तीन दगडांची चूल, पातेलं वेगळं, पळी वेगळी, आणि शिजवणारे आम्ही पुरुष. ती भांडी स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडत नाहीत.

धाकटा भाऊ वडीगोद्रीला राहतो. एका रविवारी सकाळीच तो मटणाबरोबर शेळीचे पायही घेऊन आला आणि थेट ओट्यावर मायपुढं बसला.

"माय, पायाचा रस्सा पी. औषध समजून पी. देव काई फाशी देणार न्हाई."

"शेळीचे पाय पिऊन माझे पाय चालणार का रे?"

"मंग बस तशीच भिंत धरून. दादा, तू तरी सांग हिला. घासपाल्यानं रक्त वाढत असतं का?"

माळकरी जास्त जगतात की मटण खाणारे, हा आमच्या भावकीतला जुना वाद. मी एकदा गेलेल्या वडीलधाऱ्यांची वयं मांडून पाहिली होती. माळकरी थोडे जास्त जगलेले दिसले. पण माळ घालताना माणूस दारूही सोडतो, बरेचदा तंबाखूही. मग श्रेय भाजीला द्यायचं की सुटलेल्या बाटलीला? ते ठरेना, म्हणून मी तो हिशेब कुणाला ऐकवलाच नाही.

"आठवड्यात आपली जेवणं चौदा," मी भावाला म्हणालो. "त्यातलं मटणाचं एक. उरलेल्या तेरांत तू तुझ्या घरी अन् माय इथं सारखंच खाता. तू तुझं रक्त तपासलंस का कधी?"

"मला काय झालंय? बैल हाय मी, बैल!"

"बराबर," माय म्हणाली. "बैल बी कडबाच खातो."

भाऊ तणतणत चुलीकडं गेला. मायनं चहा मागितला. कपात शिळी भाकरी कुस्करली, पदराच्या गाठीतून गोळी काढली आणि चहाच्या घोटाबरोबर गिळली. एरवी सकाळी मी कामावर असतो आणि रविवारी मटण आणायला गेलेला, त्यामुळे हे मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"गोळी रोज चहासोबत घेतेस?"

"कायमच. पाण्यासोबत मळमळतंय."

मी डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, चहामुळं लोह अंगी लागत नाही. गोळी लिंबूपाण्यासोबत द्या आणि चहा गोळीपासूनही लांब ठेवा, जेवणापासूनही. मी हे सांगितल्यावर मायनं गळ्यातल्या माळेला हात लावला.

"चहा सोड म्हणतोस? त्यापरीस माळ सोड म्हण!"

शेवटी चहा दुपारवर गेला. सकाळी लिंबूपाणी आणि गोळी, जेवणात मोड आलेली मटकी, हरभऱ्याची भाजी, वर लिंबू. उपासाच्या साबुदाण्याऐवजी राजगिरा आला. कामावर निघण्याआधी गोळी कशासोबत जाते ते मी स्वतः पाहायला लागलो.

पुढची तपासणी नऊ पूर्णांक चार. त्याच्या पुढची दहा पूर्णांक सहा! तो कागद मी प्रयोगशाळेच्या दारातच दोनदा वाचला आणि तिथूनच भावाला फोन केला.

"पाया न पिता?" त्यानं विचारलं.

"पाया न पिता."

मटकीनं मटणाला हरवलं असं मी म्हणत नाही. मोठं काम गोळीनंच केलं असणार, भाजीनं हातभार लावला असेल. पण माळ आड येत नव्हती, एवढं पक्कं झालं. आमच्या बैलानंही मग गुपचूप रक्त तपासून घेतलं. अकरा निघालं, पुरुषाला तेरा तरी पाहिजे. जेवण झाल्या झाल्या तोही चहा ढोसायचा. आता तोच येताना लिंबं घेऊन येतो.

ऑपरेशन झालं, व्यायाम झाले, वॉकर सुटला. मागच्या रविवारी आम्ही दोघं भाऊ चुलीपाशी बोलत बसलो होतो. मागं पावलं वाजली. माय ओट्यावरून उतरून आली होती, एकटी, भिंतीला हात न लावता. चुलीपासून चार हात अंतर ठेवून ती उभी राहिली आणि तिनं नाक वर केलं.

"गप्पा बंद करा अन् जाळ वढा मागं. मटण करपायलंय."

भावानं झाकण उचललं. खरंच खाली लागलं होतं.