न दिसणारा सांधा

काणसदादाची सायकल दवाखान्याच्या दारातून गेली, तीही भरदुपारी. बायकोच्या गोळ्या घेऊन तो बाहेर आला, तर तुटलेलं कुलूप भिंतीशी नीट ठेवलेलं. चोरही टापटिपीचा होता.

तो कारखान्यात फिटर. चाळीस वर्षं काणशीने लोखंड घासलं, म्हणून हे नाव पडलं. घर ते कारखाना अकरा किलोमीटर, त्या रस्त्याला बस नाही. फाटक सातला बंद होई. महिन्यात तीनदा उशीर झाला की ठेकेदार दुसरा माणूस घेई. सायकल गेली त्याच आठवड्यात त्याला दोनदा उशीर झाला. गुडघा दुखरा, पायी अडीच तास लागत. आणि या वयात दुसरीकडे कोण उभं करणार?

चौकीत हवालदाराने वही उघडली. "फ्रेमचा नंबर?"

"होता."

"होता म्हणजे?"

मग सांगावं लागलं. सहा वर्षांपूर्वी पेडलपाशी फ्रेमला तडा गेला. एका दोस्ताने वेल्डिंग मारून दिलं. तो दोस्त आता नाही. जोडावर ओबडधोबड गाठ राहिली, बोटाला लागायची. काणसदादाने चार रविवार ती घासली. नंबर तिथेच होता. आकडे पुसट होताना त्याला दिसत होते. पण काम अर्धवट सोडायचं, हे त्याच्या हाताला जमेना. शेवटी पॉलिश पेपर मारला आणि वर काळा रंग.

"म्हणजे चोराचं काम तुम्हीच करून ठेवलंत, दादा," हवालदार म्हणाला. तो हसला नाही, तेवढंच बरं.

रोज कामावरून सुटल्यावर काणसदादा जुन्या सायकलींची दुकानं पालथी घालू लागला. नवव्या दिवशी एक हिरवी सायकल दिसली. सीट वेगळी, हँडल वेगळं. त्याने वाकून पेडलच्या खाली अंगठा फिरवला आणि तसाच थांबला. मग लंगडत जाऊन हवालदाराला घेऊन आला.

"साहेब, रोज एक जण येऊन माझीच म्हणतो," दुकानदार म्हणाला. "यांना तर अंगठ्याने कळलं म्हणे."

हवालदाराने बोट फिरवलं. "इथे काहीच लागत नाही."

"तेच तर सांगतोय," काणसदादा म्हणाला. "नंबर नाही."

"जुन्या मालाचे नंबर गंजून जातात," दुकानदार म्हणाला. "तशा सहा आहेत माझ्याकडे. सगळ्या घेऊन जा."

"रंग खरवडू द्या," काणसदादा हवालदाराला म्हणाला. "खाली सांधा दिसेल."

हवालदाराने मान डोलावली. काणसदादाने पिशवीतून काणस काढली, सायकल उलटी केली आणि दोन बोटं रुंद पट्टा खरवडला. हिरव्याखाली काळा रंग निघाला. "काळ्या सायकली काय कमी आहेत?" दुकानदार म्हणाला. काळ्याखाली लखलखीत लोखंड. काणसदादाने थुंकी लावून पुसलं, फ्रेम उजेडाकडे वळवली, चष्मा कपाळावर सारून नाक टेकवलं. रेघ नव्हती. कुठून कुठे जोडलंय, ते त्याचं त्यालाही सापडेना.

"दादा, तुमचा शब्द मला खरा वाटतो," हवालदार हळूच म्हणाला. "पण वहीत काय लिहू? काहीच दिसत नाही, असं?"

काणसदादाने काणस पिशवीत टाकली.

"आणि माझ्या रंगाचं काय?" दुकानदाराने विचारलं.

काणसदादाने खरवडल्याच्या कडा पाहिल्या. त्यावर रंग धरला नसता. त्याने पॉलिश पेपर काढला आणि कडा साफ करायला बसला. दुकानदाराने हलू नये म्हणून चाक धरलं. अर्धा तास गेला. हवालदार केव्हाच निघून गेला होता.

घरी बायकोने दार उघडलं. "मिळाली?"

"तिथेच आहे."

"म्हणजे?"

त्याने चप्पल काढून गुडघा चोळला.

"उद्या चारला उठव," तो म्हणाला. "साडेचारला उठून सातच्या आत पोचत नाही मी."