एक जूनचं बटण

आमच्या साखर कारखान्यात हजारावर माणसं कामाला होती आणि जवळजवळ सगळ्यांचा वाढदिवस एकाच दिवशी यायचा, एक जूनला. यात कुणाला नवल वाटत नसे. पोराला शाळेत घालताना बापाला जन्मतारीख ठाऊक नसायची, मग गुरुजी सोयीचा म्हणून एक जून लिहून मोकळे व्हायचे. माझीही तीच आहे. आई म्हणते, मी ऐन थंडीत झालो.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी या कारखान्यात रोजंदारीवर कॉम्प्युटर चालवायला लागलो. राहुरीला एका खताच्या दुकानाच्या माडीवर सहा महिन्यांचा कोर्स केला होता, तेवढ्याच भांडवलावर. कारखाना श्रीगोंद्याच्या बाजूला होता, याहून जास्त सांगत नाही. तिथली काही माणसं अजून हयात आहेत आणि त्यांच्या वयाचा घोळ मी एकदा घालून बसलो आहे.

कॉम्प्युटर ऑफिसात एका काचेच्या खोलीत असायचा आणि आत जाताना चपला बाहेर काढायच्या. मालक मी नव्हतो, हेडक्लार्क होते. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत. कामगारांची यादी मशीनमध्ये भरायला घेतली तेव्हा मी जन्मतारखेचा रकाना आखला. भाऊसाहेबांनी तो पाहिला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"तारीख कशाला टाकतो? समद्यांची येकच हाय. नुस्तं वय टाक."

"पण भाऊसाहेब, वय दरवर्षी बदलतं."

"मग दरवर्षी बदलायचं. तुला पगार कशाचा देतोय?"

पुण्याहून आलेल्या दोन अधिकाऱ्यांच्या तारखा वेगळ्या होत्या. त्याही भाऊसाहेबांनी एक जूनला आणल्या, शिस्त म्हणून. मग जुनं रजिस्टर उघडून शेवटच्या पानावर तांबड्या शाईची आडवी रेघ मारली, खाली लिहिलं, 'यापुढे कॉम्प्युटर', आणि सही ठोकली.

पहिल्या एक जूनला मी हजार वयं हाताने बदलली. त्रेचाळीसचे चव्वेचाळीस, एकोणतीसचे तीस. रोज दोनदा वीज जायची, आणि सेव्ह न केलेलं सगळं तिच्याबरोबर जायचं. मिल विभाग मी एका दिवसात तीनदा म्हातारा केला. मुळात मी तापट माणूस. तिसऱ्या वेळी कीबोर्ड उचलून खिडकीबाहेर फेकायचाच बाकी राहिला होता.

म्हणून दुसऱ्या वर्षी मी मॅक्रो लिहिला. मॅक्रो म्हणजे मशीनला एकदा सगळं काम शिकवून ठेवायचं आणि एका बटणावर बसवायचं. बटण दाबलं की मशीन आपणहून वरपासून खालपर्यंत जाणार, प्रत्येक वयात एक मिळवणार आणि शेवटी स्वतःच सेव्ह करणार. शेवटचं ते सेव्ह मी विजेवरच्या रागातून घातलं होतं आणि त्याचा मला भारी अभिमान होता. दुसऱ्या बटणावर आणखी एक मॅक्रो: ज्यांचं वय अठ्ठावन्न किंवा वर झालंय, त्यांची निवृत्तीची पत्रं छापायची.

मी भाऊसाहेबांना नुसतं तोंडी समजावलं. त्यांनी कॅलेंडर उतरवून एक जूनभोवती गोल केला. मग म्हणाले, "ह्याचं उद्घाटन करावं लागंल."

एक जूनला सकाळी मंडप नाही एवढंच, बाकी सगळं होतं. रांगोळी, हार, पेढे. पाहुणे यायच्या आधी मी सगळी माहिती एका फ्लॉपीवर उतरवून घेतली आणि ऐनवेळी फजिती नको म्हणून बटण एकदा दाबून पाहिलं. चाललं. अर्थात सेव्हही झालं. काही हरकत नाही, म्हटलं, फ्लॉपी आहे. तिच्यावरून परत पहिल्यासारखं करू. फ्लॉपी टेबलावर ठेवली आणि हात धुवायला गेलो.

परत आलो तर भाऊसाहेबांनी कॉम्प्युटरची पूजा आटोपली होती. मॉनिटरला हार, कीबोर्डवर फुलं. फ्लॉपी ताम्हनात होती. तिला हळदकुंकू लावलं होतं, अक्षता वाहिल्या होत्या आणि नारळ तिच्यावरच फोडलेला असावा, कारण ती पाण्यात होती.

"भाऊसाहेब, ही भिजली!"

"तीर्थ हाय ते," ते म्हणाले, "त्यानं काय हुतंय?"

मी पुसून मशीनमध्ये घातली. मशीनने आतून दळण दळल्यासारखा आवाज काढला आणि सपशेल नकार दिला. तेवढ्यात चेअरमन आले.

चेअरमननी बटण दाबलं. पडद्यावर आकडे सळसळत खाली गेले, टाळ्या झाल्या. मी सुटकेचा श्वास सोडतोय तोवर भाऊसाहेबांचा आवाज आला, "आता व्हाइस चेअरमन साहेबांच्या शुभहस्ते!"

मी त्यांच्या कानाशी लागलो, "भाऊसाहेब, एकदाच दाबायचं असतं."

"गप रे. फीत येकानंच कापायची आसती, पर कातरीला हात समदे लावत्यात."

व्हाइस चेअरमननी दाबलं. मग एमडी साहेबांनी. प्रत्येक वेळी टाळ्या, प्रत्येक वेळी सेव्ह. माझा सकाळचा एक धरून, पेढा वाटेपर्यंत सगळा कारखाना चार वर्षांनी म्हातारा झाला होता. वाढायला हवं होतं एकच.

लगेच दुसरं बटण दाबलं गेलं. एरवी वर्षाला पाचसहा पत्रं निघायची. त्या दिवशी प्रिंटर करकर करत थांबेचना. "काय झपाट्यानं काम करतंय बघा," व्हाइस चेअरमन म्हणाले, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. भाऊसाहेबांनी तिथेच बसून, हसऱ्या चेहऱ्याने, एकही न वाचता सगळ्या पत्रांवर सह्या केल्या आणि जावक नंबर घातले. दुपारपर्यंत पत्रं घरोघर पोचली होती. महिनाअखेरीला निवृत्ती, पुढच्या महिन्यात क्वार्टर रिकामं.

त्यातलं एक भोंगेवाल्या मामांना गेलं.

मामा टाइम ऑफिसला होते. पाळी बदलायचा भोंगा ते वाजवायचे. मूळचे पाथर्डीकडचे, तिकडे ना शेत ना घर. कॉलनीत माझ्या शेजारची खोली त्यांची होती. वैशाखी पौर्णिमेला त्यांच्या घरची खीर मला असायची, आणि ती नुकतीच मी दोन वाट्या चापली होती. माणूस ठेंगणा नव्हता, पण हात फार आखूड. भोंग्याचा खटका कुणीतरी भिंतीवर उंच बसवून ठेवला होता. मामांचा हात तिथे पुरायचा नाही, म्हणून खाली स्टूल होतं. त्यामुळे आमचा भोंगा नेहमी थोडा उशिरा व्हायचा आणि आसपासच्या वस्त्यांची घड्याळं तेवढीच मागे असायची.

तिसऱ्या दिवशी मामा काचेच्या खोलीच्या दाराशी आले. चपला काढून बाहेरच उभे राहिले.

"भाऊ, त्याला कुनी सांगितलं?"

"कुणाला?"

"यंत्राला. माझं वय."

मला त्या परिस्थितीतही हसू आलं. मी म्हटलं, "मामा, कुणी सांगितलं नाही, घोळ झालाय. तुम्ही चौपन्नचे होता, आता पंचावन्न व्हायला पाहिजे होते. मशीनने अठ्ठावन्न केले."

मामा भांडले नाहीत, चिडले नाहीत. माझ्या अंगाचा तिळपापड होत होता आणि हा माणूस थंड. शेवटी हळूच म्हणाले, "दोन-तीन वर्सं माघारी मिळत्याल का, एवढं बघ. पोरगी आठवीत गेलीया. दहावी हुस्तवर खोली ऱ्हायली पायजे. तिकडं गावात शाळा चौथीपस्तोर."

ती मुलगी त्यांना फार उशिरा झालेली, आणि वर्गात पहिली यायची. मला लाज वाटली. सगळी सुरुवात माझ्या सकाळच्या त्या एका बोटाने झाली होती. मी तसाच उठून भाऊसाहेबांकडे गेलो आणि सगळं कबूल केलं.

"एक उलटा मॅक्रो लिहितो," मी म्हणालो, "प्रत्येकाच्या वयातून तीन कमी. पाच मिनिटांचं काम आहे."

भाऊसाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "चेअरमन साहेबांच्या हस्ते वाढलेलं वय तू कमी करनार? रोजंदारीवाला?"

"मग जुनं रजिस्टर काढा. त्यात खरं वय आहे."

"रजिस्टर बंद झालंय. बंद रजिस्टरचा दाखला चालत न्हाई."

"पण तुम्हीच बंद केलंत ना!"

"व्हय. म्हनून तर मला म्हाईत हाय."

वयं कमी करायची तर संचालक मंडळाचा ठराव हवा, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. पुढची बैठक दोन महिन्यांनी. तोवर मामांची खोली गेलेली असणार. मी दाणकन दार आपटून बाहेर आलो आणि दोन दिवस कुणाशी बोललो नाही. कॉलनीत मामांच्या खोलीबाहेर बांधाबांध सुरू झाली होती. मुलगी दारात बसून पुस्तकांना कव्हरं घालत होती. कुठल्या शाळेसाठी, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

सूड म्हणा किंवा चाळा म्हणा, मी त्या पत्रांच्या कार्बन प्रती काढून वाचत बसलो. किती लोकांचं वाटोळं केलं ते तरी कळू दे. गठ्ठ्याच्या मध्यावर थांबलो. ते पत्र भाऊसाहेबांना होतं. 'आपले वय साठ वर्षे झाल्याने आपणांस कळविण्यात येते की', वगैरे. खाली सही भाऊसाहेबांची.

मूळ प्रत त्यांच्याच ट्रेमध्ये, पेढ्याच्या रिकाम्या खोक्याखाली सापडली. मी ती दोन्ही हातांनी अदबीने पुढे केली.

त्यांनी वाचलं. परत वाचलं. चष्मा काढून पुसला. "हे जावक झालंय?"

"झालंय. नंबर आपणच घातलाय."

"साठ?"

"मशीन म्हणतं. म्हणजे आपण दोन वर्षांपूर्वीच निवृत्त झालात."

त्यांनी तांब्या उचलून घटाघटा पाणी प्यायलं. एवढ्या सरकारी मनाचा माणूस, पण त्या क्षणी मला त्यांची दया आली. तेही क्वार्टरमध्येच राहत होते. तांब्या खाली ठेवला आणि त्यांच्या चेहऱ्यावर एकदम तेज चढलं.

"थांब. मी निवृत्त, म्हंजी मला सहीचा आधिकार न्हाई. बरुबर?"

"बरोबर."

"सहीचा आधिकार न्हाई, म्हंजी ही समदी पत्रं रद्द. माझं बी रद्द! आन् पत्र रद्द म्हंजी मी निवृत्त झालोच न्हाई."

"मग आपली सही चालते की."

"चालती," ते म्हणाले आणि क्षणभर घोटाळले. मग टेबलावर हात आपटून उठले. "लई डोकं लावू नको. तीन कमी कर. मी साहेबांच्या कानावर घालून येतो."

ठराव वगैरे त्या दिवसानंतर कधी निघाला नाही.

मी उलटा मॅक्रो लिहिला. या वेळी शेवटी सेव्ह घातलं नाही, तेवढी अक्कल आली होती. बटण दाबलं, आकडे सळसळत गेले. मामांच्या ओळीवर आलो: पंचावन्न. मी खिडकीतून ओरडून मामांना बोलावलं. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांना आत खुर्चीवर बसवलं.

"बघा. पंचावन्न. आता सेव्ह केलं की झालं."

मामांनी पडद्यावरच्या आकड्याला हळूच बोट लावून पाहिलं. त्यांचे डोळे भरले होते. मग इकडेतिकडे पाहून आवाज उतरवत म्हणाले, "भाऊ, तुझ्यापाशी खोटं कशाला बोलू? यंत्राचं बरुबर हुतं."

"म्हणजे?"

"आमच्या शाळंत गुर्जी वय कसं बघायचे? हात डोक्यावरनं पलीकडच्या कानाला लागला की पोरगं सा वर्साचं. लागला तर घ्यायचं, न्हाई तर माघारी. माझा हात आखूड. तीन वर्सं कानाला पोचलाच न्हाई. दरसाल जायचो आन् माघारी यायचो. माझ्या बरुबरीची चुलतभावंडं चौथीत गेली, तवा मी पहिलीत. गुर्जींनी लिव्हलं, सा वर्सं. मी नऊचा हुतो."

मी मनात हिशेब केला. पंचावन्न अधिक तीन.

"मला वाटलं, यंत्राला कळलं," मामा म्हणाले. "ह्यवढी वर्सं कुनाला कळलं न्हाई, आन् ह्याला कळलं. म्हनून तर भांडलो न्हाई."

हजार माणसांत त्या मशीनने एकाचं वय खरं लिहिलं होतं, आणि ते पुसायला मी बसलो होतो. मामांनी हात मांडीवर ठेवले. "आता तूच ठरीव."

मी सेव्हचं बटण दाबलं. मशीन थांबलं आणि विचारायला लागलं, जुनी माहिती पुसून ही नवी ठेवायची का? हो की नाही? त्याच्यापुरता तो साधा प्रश्न होता.

"मामा, पोरगी कितवीत म्हणालात?"

"आठवीत."

मी हो दाबलं.

चार वाजायला आले होते. मामा उठले, चपला घातल्या आणि टाइम ऑफिसकडे गेले. मी घड्याळाकडे बघत बसलो. चार वाजून गेले, आणि नेहमीसारखा थोडा उशिराने भोंगा झाला. इतके दिवस तो उशीर मी त्यांच्या आखूड हातांच्या नावावर टाकत आलो होतो. अठ्ठावन्न वर्षांच्या गुडघ्यांना स्टूल चढायला वेळ लागतो, हे त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं.