मोनिकाची लाटांवरची पीएचडी

देऊळ अजून चार किलोमीटर लांब होतं. श्रावणी सोमवार, साकोलीहून आम्ही दोघी अनवाणी निघालेल्या, आणि मोनिका मला समजावत होती, "लाट म्हणजे नुसतं पाणी नसतं, बाई. लाट म्हणजे सत्तेला दिलेलं उत्तर असतं."

"आधी खाली पाह्य वो," मी म्हटलं. "शेण आहे."

मोनिका माझी शाळेतली मैत्रीण. घर विणकरांचं. बाप मागावर बसून बसूनच गेला, आई कौशल्याबाई अजून सुताच्या कांड्या भरतात. ही कॉलेजात तासिका तत्त्वावर समाजशास्त्र शिकवते आणि गेली सात वर्षं सर्फिंग आणि स्केटबोर्डच्या संस्कृतीवर पीएचडी करते. सर्फिंग म्हणजे समुद्राच्या लाटेवर फळी टाकायची आणि तिच्यावर उभं राहायचं. समुद्र आमच्यापासून किती लांब आहे ते चौथीतलं पोरगंही सांगेल. मोनिकानं तो मोबाईलवर पाहिला आहे.

स्केटबोर्ड मात्र तिनं मागवला. चाकांची फळी. अभ्यासासाठी एकदा उभी राहिली, पडली, आणि त्या पडण्यावर अकरा पानं लिहिली. आता कौशल्याबाई त्या फळीवर गॅसचं सिलिंडर ठेवून अंगणातून स्वयंपाकघरात ढकलत नेतात. "सात वर्षांत एवढंच कामाचं निघालं," असं लेकीच्या तोंडावर म्हणतात.

मी अंगणवाडी सेविका. आमचं घर ढिवरांचं. माझ्या बापानं उभा जन्म तळ्यात डोंग्यावर तोल सांभाळत जाळं फेकलं. एकदा मी मोनिकाला विचारलं, "माह्या बापाची संस्कृती नाही का वो?" तर म्हणाली, "तो उदरनिर्वाह आहे." म्हणजे पोटासाठी पाण्यावर उभा राहिला तो ढिवर, आणि मजेसाठी राहिला त्याच्यावर प्रबंध. महादेवा, तूच समजून घे.

नाल्याच्या पुलावर ती कठडा सोडून रस्त्याच्या मधोमध चालू लागली. मग म्हणाली, "सरांनी शेवटचं प्रकरण परत पाठवलं."

तिच्या गाईड सरांनी लिहिलं होतं, समुद्रावर जा, त्या लोकांत राहा, पाण्यातला स्वतःचा अनुभव लिही. दिवाळीपर्यंत प्रकरण आलं नाही तर नोंदणी रद्द. नोंदणी गेली की पक्क्या नोकरीची आशाही गेली; एकोणचाळिशीत पुन्हा तासांवर.

"मग जा ना. काहून थांबली?"

"कोकणातल्या सर्फिंगवाल्या पोरांना फोन केला होता. ती म्हणतात, मॅडम, आधी पाण्यात या, मग प्रश्न विचारा."

"मग?"

"मले पाण्याचा भेव वाटते."

ती घरची बोली क्वचितच बोलते. मी रस्त्यात थांबून पोट धरून हसले. धानाच्या बांधीत निंदण करणाऱ्या बायाही माना वर करून पाहू लागल्या. लाटांची विदुषी, आणि अंघोळीच्या बादलीपलीकडचं पाणी अंगाला माहीत नाही! हे म्हणजे उपासवाल्यानं भजे तळण्यावर पुस्तक लिहिणं झालं, तेही मी तिला ऐकवलं. ती रागावली नाही. तळव्यांना फोड आले होते, तशीच चालत राहिली. एवढं मात्र तिचं मानलं पाहिजे.

देवळात आम्ही बेल वाहिला. तिनं डोळे मिटून इतका वेळ हात जोडले की मागची रांग कुरकुरायला लागली.

देवळामागंच तळं. पावसानं भरून पायऱ्यांना लागलेलं. मी साडी खोचून गुडघाभर पाण्यात उतरले आणि हात पुढं केला. "ये. इथं लहान लेकरं डुंबतात."

ती शेवटच्या कोरड्या पायरीपर्यंत आली. अंगठा पाण्याला लावला. वाऱ्यानं पाणी जरासं हललं, तशी पाय ओढून मटकन खाली बसली. मग पिशवीत हात घातला. मला वाटलं प्रसाद काढते. तिनं वही काढली.

"तुले येते ना पोहाले?" ती म्हणाली. "तू जा आत, खोल. पाणी छातीले लागते तवा कसं वाटते, ते तिथून जोरानं सांग. मी लिहून घेतो."