पाचवा ‘का’

नवनाथ अंबडच्या एका कारखान्यात तपासनीस आहे. मशीनवरचा एखादा भाग सदोष निघाला की त्यांच्याकडे पाच वेळा ‘का’ विचारतात. पाचव्या उत्तराला खरं कारण सापडतं, असं त्याला शिकवलंय.

त्याच्या संशयाला हर्षाली, त्याची बायको, कंटाळली होती. दोघांनी समुपदेशक बाईंकडे जायचं, नाहीतर मी सटाण्याला माहेरी, असं तिनं सांगितलं. भरलेली बॅग तिनं दाराशी ठेवली, ती तिथेच राहिली.

दर शनिवारी दोघं जाऊ लागली. रोज दहा मिनिटं समोरासमोर बसून मनातलं बोला, असं बाईंनी सांगितलं. नवनाथ बसला आणि त्याला येत होतं तेच त्यानं केलं.

“उशीर का झाला?”

“शाळेत शिक्षकांची मीटिंग होती.”

“मीटिंग का होती?”

चौथ्या ‘का’ला हर्षाली उठली. “अहो, मी काय तुमचा रिजेक्ट पार्ट आहे? शिक्का मारा आणि टाका भंगारात.”

पुढच्या शनिवारी बाई त्याला म्हणाल्या, “प्रश्न हेच ठेवा. फक्त स्वतःला विचारा. हर्षाली ऐकतील.”

हे सगळं मला गेल्या रविवारी कळलं. मी नवनाथचा शाळेपासूनचा मित्र. मराठीत एम.ए. केलं, वाचनालयात काम करतो. दर रविवारी त्यांच्याकडे जेवतो, हर्षालीसाठी पुस्तक नेतो.

त्या रविवारी जेवणं झाल्यावर नवनाथ म्हणाला, “आजची दहा मिनिटं तुझ्यासमोर. हिला विचारलंय.” सलग दोन पाळ्या केल्यासारखा त्याचा चेहरा होता.

“मला राग का येतो? हा आला की ही हसते.”

हा म्हणजे मी. मी ग्लास खाली ठेवला.

“ती हसली तर राग का? माझ्याशी हसत नाही. का हसत नाही? मी घरी येऊन तपासत बसतो. का तपासतो? भीती वाटते.”

त्यानं माझ्याकडे पाहिलं. हर्षाली ताटाकडे बघत होती.

“भीती का वाटते? तुम्ही दोघं पुस्तकावर बोलता, मला काही कळत नाही. मी पाणी आणायला उठतो.”

दोन वर्षं तो दर रविवारी पाणी आणायला उठत होता. मी दर वेळी ग्लास पुढे करत होतो.

“झाली दहा मिनिटं,” हर्षाली म्हणाली. तिचा आवाजही थकलेला होता.

पिशवीतलं पुस्तक मी बाहेर काढलं नाही.

थंडी वाजत होती. हर्षाली दाराशी गेली, बॅगची चेन उघडली, स्वेटर काढून अंगात घातला. चेन न लावताच परत येऊन नवनाथसमोर बसली.