विसरलेला चिमटा

शेगडीआक्का घरात आल्या की बाळंतिणीकडे बघायच्या नाहीत, बाळाकडे तर नाहीच नाही. आधी शेगडी पालथी करायच्या. काल त्यांनीच घासून ठेवलेली असली तरी. परसात फतकल मारून बसायच्या, जाळी काढून दगडावर आपटायच्या आणि तिच्या एकेका भोकात खिळा घालून राखेचा कण न् कण काढायच्या. घरातलं कुणी म्हणायचंच, अहो आक्का, कालच तर केलीत साफ. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "कोंदलेली शेगडी गुमान मारती, बाई. वरडत न्हाई."

सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. कोल्हापुरात आमच्या शिवाजी पेठेत कुणी बाळंत झालं की शेक-शेगडीसाठी आक्कांनाच बोलावणं जायचं. आंघोळ घालणारी बाई वेगळी. न्हाणं झालं की बाजेखाली शेगडी ठेवायची, निखाऱ्यांवर ओवा, शेपा, वावडिंग टाकून धुरी द्यायची आणि खोली उबदार ठेवायची, हे आक्कांचं काम. मी पहिलटकरीण, माहेरी आलेली, वीस वर्षांची आणि स्वतःला फार शहाणी समजणारी. माझी लेक बघायला सगळी गल्ली लोटली होती आणि ही बाई तिला एकदाही हातात घेत नव्हती. मला भारी राग यायचा. एकदा मुद्दामच म्हटलं, घ्या की हो आक्का, चावत नाही ती. तर म्हणाल्या, हात काळे हायत. हात तर आत्ताच धुतलेले होते, मी बघितलं होतं.

कोळसे त्या परसातच पेटवायच्या. पेटले की लगेच आत आणायचं नाव नाही. कोळशावर निळी ज्योत नाचत असेतो हलायच्या नाहीत. आई थंडीत काकडत उभी, आत मी न्हाऊन कुडकुडतेय आणि आक्का आपल्या शेगडीकडे टक लावून बसलेल्या. कोळसा आतबाहेर लाल झाला, वर पांढरी राख धरली की मगच उठायच्या. त्यांच्याइतकी सावकाश बाई मी जन्मात पाहिली नाही.

सगळ्यात मोठं भांडण खिडकीवरून. बाळंतिणीच्या खोलीला वारा नको म्हणून लोक फटीसुद्धा चिंध्यांनी बुजवत. आक्का मात्र पिशवीतून एक लाकडी ठोकळा काढायच्या आणि खिडकीच्या फळीत अडकवायच्या. खिडकी बरोबर चार बोटं उघडी. आई करवादायची, ओली बाळंतीण आहे, वारं शिरलं अंगात तर कोण निस्तरणार? आक्का म्हणजे एरवी गरीब गाय. पण इथं त्यांचा आवाज चढायचा. खिडकी लावायची असेल तर दुसरी बाई बघा म्हणायच्या. आईला मग ऐकावंच लागायचं.

आणि या एवढ्या काटेकोर बाईला एक गोष्ट रोज विसरायची सवय होती. चिमटा. काम आटोपून जायच्या, अर्ध्या तासानं पुन्हा दारात. "चिमटा ऱ्हायला की माझा." सगळी पेठ हसायची. मी तर बाजेवर पडल्या पडल्या त्यांची नक्कल करायची. परत आल्या की त्या नुसता चिमटा उचलून जायच्या नाहीत. खोलीत डोकवायच्या, मला हाक मारायच्या, मी ओ दिली की बाळाच्या नाकाशी बोट धरायच्या आणि मग जायच्या. माझी लागलेली झोप मोडायची. मी मनात शिव्या घालायची. एवढं सगळं डोळ्यांसमोर होतं, पण कळायला अक्कल हवी ना!

दहाव्या दिवशी सकाळपासून बोचरं वारं सुटलं होतं. आक्का काम करून गेल्या, आई स्वयंपाकघरात गेली. लेक दोनदा शिंकली. झालं! आईचं बोलणं डोक्यात होतंच. मी बाजेवरून हात लांबवला आणि ठोकळा ओढून काढला. तो खाली पडला, खिडकी मिटली. मी काही तो उचलला नाही. छान ऊब आली. मग डोकं जड झालं, ठणकू लागलं. आईला हाक मारावीशी वाटली, पण जीभच उचलेना.

त्यानंतरचं आठवतं ते परसातलं. मी भुईवर पडून ओकत होते, आई माझ्या गालांवर पाणी मारत होती. चिमटा न्यायला आलेल्या आक्कांनी हाक मारली होती, मी ओ दिली नव्हती. त्यांनी आधी लेकीला बाहेर आणलं, मग आईला घेऊन मला ओढत काढलं. आता धुण्याच्या दगडावर त्या माझ्या लेकीला खांद्याशी धरून बसल्या होत्या, तिची पाठ चोळत होत्या. लेकीनं टाहो फोडला आणि आक्काही रडायला लागल्या.

मग त्यांनी सांगितलं. त्यांची एकुलती एक मुलगी, शालन, अशीच माहेरी बाळंत झाली होती. थंडी होती म्हणून आक्कांनीच खिडकी लावून घेतली आणि नळावर धुणं धुवायला गेल्या.

"पोरगी म्हणत हुती, आई डोकं दुखतंय. मी म्हटलं, ओली बाळंतीण तू, दुखायचंच. धुणं घिऊन आले तर दोघी झोपल्यागत. गाल लालबुंद. अंग अजून गरम हुतं गं. मला वाटलं जिवंतच हायत. शेगडीची ऊब हुती ती."

आई तोंडात पदर कोंबून रडत होती. आक्कांनी लेकीला माझ्या कुशीत दिलं आणि खोलीत गेल्या. ठोकळा हातात घेऊन बाहेर आल्या. चेहरा पांढराफटक.

"खाली पडला हुता. ढिला बसला माझ्या हातनं," त्या म्हणाल्या. "परत माझ्याच हातनं."

मी तोंड उघडायला हवं होतं. आक्का, मी काढला, एवढे तीनच शब्द. पण शालनची गोष्ट नुकती ऐकलेली, आई समोर बसलेली, आणि मी भित्री. मी लेकीच्या दुपट्यात तोंड खुपसलं. आक्कांनी निखारे पाण्यानं विझवले, शेगडी घासली, परसात पालथी घातली आणि निघून गेल्या. चिमटा तिथंच राहिला होता. अर्धा तास झाला, दुपार झाली, त्या आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. आईनं निरोप धाडला, तर कळलं की खोली सोडून उचगावला भाच्याकडे गेल्या.

कोल्हापूरला आले की दर खेपेला ठरवायची, या वेळी जायचंच. आणि दर खेपेला काहीतरी निमित्त काढायची. लेकीला शाळेत घालायची वेळ आली तेव्हा कुठं मी चिमटा पिशवीत टाकला आणि तिला घेऊन उचगाव गाठलं. भाच्याची बायको दारात तांदूळ निवडत होती. आक्का मागच्या श्रावणातच वारल्या, म्हणाली. मी चिमटा दाखवला तशी तिनं मला नीट निरखलं. मग लेकीकडे बघितलं.

"पेठेतल्या व्हय तुमी? आक्का लई काढायच्या तुमची आठवण. परत कुठल्या बाळंतिणीच्या खोलीत पाऊल टाकलं न्हाई त्यांनी. म्हणायच्या, दोनदा चुकला माझा हात."

"नाही हो," मी म्हटलं. "त्यांचा नाही चुकला. ठोकळा मी काढला होता."

सुपातला तिचा हात थांबला. ती रागावली असती तर बरं झालं असतं. हळूच म्हणाली, "हे आक्कांस्नी सांगाय पायजे हुतं की वो, ताई."

चिमटा तिनं घेतला नाही. तो अजून माझ्याच घरी आहे.