तुळशीपाशी ठेवलेले तांदूळ

मांडव्याजवळच्या शाळेवर मी मास्तर होतो. तेव्हा एक बाई आमच्या अंगणात पाला वेचायला यायची. नाव मी कधी विचारलं नाही. आपली सावली झाडावर पडणार नाही अशा बेतानं ती वाकायची. भाजीचा टाकळा खुशाल खुडायची. औषधाच्या झाडाला मात्र आदल्या संध्याकाळी बुडाशी हळदीचे तांदूळ ठेवून आमंत्रण द्यायची.

"न बोलावता तोडलं तर नुसता पाला, मास्तर," म्हणायची.

एकदा तिने भुईआवळीपाशी तांदूळ ठेवले. ती काविळीवरची.

"बाय, कावीळ कुणाला झालीय?"

"मना काय ठाव? झाडाला ठाव हाय."

मी हसलो. सकाळी माझ्या बायकोचे डोळे पिवळे दिसले, आणि बाहेर ओट्यावर ती बाई भुईआवळी धुऊन वाट बघत बसली होती. पंधरा दिवसांत बायको बरी झाली. पण त्यानंतर रोज दिवेलागणीला मी अंगणात तांदूळ शोधू लागलो.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी बायको आत भाकऱ्या थापत होती आणि ती बाई आमच्या तुळशीशी वाकली होती. तांदूळ ठेवून, माझ्याकडे न बघता ती निघून गेली. तुळशीचं पान शेवटी कुणाच्या तोंडात ठेवतात, हे मला कुणी सांगायला नको होतं. घरात आम्ही दोघंच होतो. मी एकेक तांदूळ वेचला आणि खाडीत टाकून आलो.

आमंत्रण मोडलं, एवढंच झालं. सकाळी बायकोच्या तोंडात मी ठेवला, तो नुसता पाला.